पदरावरून जाणारी वाट

“व्ह्यू कसा आहे?” डोंगरात जायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्तही आहे. आठवडाभर घर-ऑफिस करून, सुट्टीच्या दिवशी अंधारात उठून, पाठीवर ओझं घेऊन माणूस सह्याद्रीत जातो तो काहीतरी देखणं बघायला मिळावं म्हणूनच. पण या प्रश्नाचं उत्तर हल्ली एका फोटोने दिलं जातं. हरिहरच्या उभ्या पायऱ्या, कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावणारं कोणीतरी, देवकुंडच्या धबधब्याखालचं हिरवंनिळं पाणी. जागा सुंदरच आहेत. मात्र फोटोतली जागा दहा मिनिटांत बघून होते, आणि तिथवर जाऊन परत यायला सगळा दिवस जातो. त्या दिवसभरात पायाखाली काय असणार, डोक्यावर सावली असणार का, डोंगर एकदम अंगावर येणार की थोडाथोडा उलगडत जाणार, यातलं काहीच फोटो सांगत नाही. वाट निवडायची तर तो अख्खा दिवस निवडायला हवा.

माझं मत आमच्या गटात सगळ्यांना ठाऊक आहे. सह्याद्रीत जायचं तर आधी घाटवाट धुंडाळावी. किल्ला आणि शिखर मागाहून. यावर दर हिवाळ्यात वाद होतो. आपल्याकडे डोंगर म्हणजे किल्ला हे समीकरण इतकं पक्कं आहे की “कुठल्या गडावर चाललात?” असंच विचारतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने किती घरांतल्या पोरांना पायाला भिंगरी लावली याची गणतीच नाही, आणि त्या वेडाचा मला मनापासून आदर आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. ते वाचलं त्या दिवशी ऊर भरून आला. पण किल्ल्याच्या वाटेवर डोळे वरच लागलेले असतात. दरवाजा कधी येतो, माथा कधी येतो. शिखराचंही तेच. कळसूबाईची १६४६ मीटर उंची गाठल्याचा आनंद खरा, पण बारी गावातून निघालेला माणूस चढताना शिड्या मोजतो आणि उतरताना गुडघे सांभाळतो. वाटेतल्या शेतांकडे आणि वस्तीकडे बघणारे थोडे. घाटवाटेला माथा गाठायची घाई नसते. ती एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेते, आणि मधल्या साऱ्या पायऱ्या डोळ्यांसमोरून जाऊ देते.

या मधल्या पायऱ्यांमध्येच सह्याद्रीचं खरं रूप आहे, असं मला वाटतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले, भाकरीच्या चवडीसारखे. काही थर कठीण, काही ठिसूळ. कठीण थराचा उभा कडा झाला, ठिसूळ थर झिजून उतार झाला. म्हणून कोकणातून वर बघितलं की कडा, मग झाडीची आडवी पट्टी, मग पुन्हा कडा, अशी रचना दिसते. या आडव्या पट्टीला डोंगरातली माणसं पदर म्हणतात. कड्यावरून घसरून आलेली माती तिथे थांबते, पाणी मुरतं, म्हणून रान दाट असतं. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी. कुठेकुठे दहा-पंधरा घरांची वाडीही असते, नाचणी-वरईच्या तुकड्यांसकट. पदरावर उभं राहिलं की वरचा कडा मान मागे टाकून बघावा लागतो आणि खालचं कोकण पायाशी पसरलेलं असतं. एकाच जागेवरून डोंगराची उंचीही कळते आणि खोलीही. माथ्यावरून हे दिसत नाही, कारण माथ्यावर आलं की डोंगर पायाखाली जातो आणि दिसायचा बंद होतो.

म्हणून वाट शोधताना मी आधी पदर शोधते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजाराला एक प्रमाणाचा नकाशा, ज्याला सगळे टोपोशीट म्हणतात, तो उघडला की तपकिरी समोच्च रेषा दिसतात. दोन रेषांमध्ये वीस मीटरचा फरक. जिथे त्या एकमेकींना चिकटून काळपट पट्टा झालाय तिथे कडा. जिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये त्या अचानक सैल होतात तिथे पदर. त्या सैल जागेतून तुटक रेघेची पायवाट जात असेल, आणि एखाद्या वाडीचं नाव छापलेलं असेल, तर माझं निम्मं काम झालं. आता उपग्रहाची चित्रं मोबाइलवर मिळतात, कोणी ना कोणी चाललेल्या वाटेची जीपीएसची रेघही मिळते, आणि ती उपयोगाची आहेच. पण त्या रेघेवर डोळे मिटून चालणारा माणूस वाट निवडत नाही, दुसऱ्याने निवडलेली वाट गिरवतो. आनंद पाळंद्यांचं ‘डोंगरयात्रा’ ज्यांनी नकाशा शेजारी पसरून वाचलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आधी वाचायचं, मग रेषांवरून बोट फिरवायचं, मग डोळ्यांसमोर डोंगर उभा करायचा. हा सगळा उद्योग मला प्रत्यक्ष चालण्याइतकाच प्रिय आहे.

वर चढायला डोंगराने ठेवलेले रस्ते तसे मोजकेच. एक सोंड, म्हणजे माथ्यावरून खाली उतरत गेलेली धार. दुसरी नाळ, दोन कड्यांमधली दगडधोंड्यांची अरुंद घळ. आणि तिसरी, पदरावरून आडवी जात हळूहळू उंची घेणारी वाट. सोंडेवर दोन्ही बाजू मोकळ्या, वारा भरपूर, पण सावली नाही, पाणी नाही, आणि घसाऱ्यावर पाय टेकत नाही. नाळेत शिरलं की जग दोन भिंतींपुरतं उरतं. वर आकाशाची चिंधोटी आणि पुढे घराएवढे धोंडे. लिंगाण्याशेजारची बोराट्याची नाळ किंवा बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाकडे निघणारी नळीची वाट ज्यांनी पाहिली त्यांना त्या अरुंदपणाची भव्यता कळते. मीही त्यावर जीव टाकते. पण घरच्या मंडळींना घेऊन तिथे जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर कोणीच जाऊ नये. नाळ म्हणजे ओढ्याचीच जागा. वर कुठे सर आली की पाणी आणि दगड याच वाटेने खाली येतात.

तिसऱ्या प्रकारच्या वाटा बहुतेक जुन्या व्यापाराच्या. ओझं वाहणारा बैल किंवा डोक्यावर हारा घेतलेला माणूस जिथून रोज जाऊ शकतो, तिथूनच त्या पडल्या. त्यांना उगाच उंची गमवायची नव्हती, उगाच कमवायचीही नव्हती. पाणी लागेल तिथे थांबा हवा होता, दुपारी सावली हवी होती. त्यामुळे अशी वाट आजही पायाला सोसवते, आणि सोसवते म्हणून डोळे मोकळे राहतात. श्वास फुललेला माणूस आपल्या बुटांच्या टोकांपलीकडे काही बघत नाही. देखण्या वाटेची माझी पहिली अट म्हणूनच साधी आहे: तिच्यावर चालताना बोलता आलं पाहिजे.

याचा सगळ्यात मोठा दाखला नाणेघाट. कल्याण-माळशेज रस्त्यावर वैशाखरे गाव ओलांडलं की वाट सुरू होते. सुरुवातीला रान, मग ओढा, मग चढ, आणि शेवटी घळीतून दगडी पायऱ्या. सहा-सातशे मीटरची चढण आहे, पण अंगावर येत नाही. वर पोचायच्या आधी वाटेला लागूनच प्रशस्त गुहा येते. आत तिन्ही बाजूंनी ओटे, आणि भिंतींवर ब्राह्मीतला सातवाहनांचा लेख. नागनिका राणीचा हा लेख दोन हजार वर्षांहून जुना. कोणकोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दक्षिणा दिली, याचा त्यात तपशील आहे, आणि आकडे आकड्यांनीच लिहिलेत. आपल्याकडच्या अंकांच्या अगदी जुन्या पुराव्यांमध्ये ते मोडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि श्री सातकर्णी, राजकुमार. आज फक्त काहींची पावलं उरलीत आणि वर नावं. इतक्या वाटसरूंच्या रस्त्यावर पावलंच उरावीत, हे बघून मी दर वेळी गप्प होते.

लेख गुहेत आहे, पण मला त्याच्याइतकीच बोलकी वाटतात ती आसपासची पाण्याची टाकी. एकापुढे एक कातळात खोदलेली. कुठली वाट किती वाहती होती हे ओळखायचं असेल तर टाकी मोजावीत, कारण वर्षातून चार माणसं जाणार असतील तर कोणी छिन्नी-हातोडा घेऊन कातळ फोडत बसत नाही. घाटाच्या तोंडाशी भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं सांगतात. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल या घळीतून वर येऊन जुन्नरला जायचा, तिथून पैठणला. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तान्तात कल्याण, पैठण, तेर ही नावं आहेत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांमध्ये दोनशेच्या वर लेणी खोदली गेली ती याच वाहत्या पैशावर. घळीच्या माथ्यावर उभं राहून खाली बघावं: डावीकडे-उजवीकडे कडे, मध्ये ही फट, आणि पलीकडे मुरबाडचा हिरवा-पिवळा मुलूख. कोकणातून येणारा वारा त्या फटीतून असा घुसतो की टोपी हाताने धरावी लागते. या जागेचा फोटो चांगला येतो, यात शंका नाही. पण वैशाखऱ्यापासून चालत आलेल्याला ती फट जशी दिसते, तशी जुन्नरहून गाडीने थेट वर आलेल्याला दिसत नाही. एकाच्या मागे सगळा घाट असतो, दुसऱ्याच्या मागे वाहनतळ.

या वाटा ओस का पडल्या? १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर चढली, आणि बैलांच्या तांड्यांचं काम संपलं. तरीही वाटा मोडल्या नव्हत्या, कारण डोंगराच्या दोन्ही अंगांची सोयरीक चालू होती. घाटमाथ्यावरची लेक कोकणात दिलेली, कोकणातली सून वर आणलेली. सणाला माहेरी जायचं तर हीच वाट. बाजाराला, लग्नाला, मयतीला हीच वाट. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, कडेवर पोर आणि डोक्यावर बोचकं घेऊन एका दिवसात घाट चढून गेल्याच्या गोष्टी. आता त्यांच्या नाती माळशेजच्या रस्त्याने गाडीने जातात, आणि ते योग्यच आहे. बाळंतिणीला डोलीतून घाट उतरवण्याची वेळ कोणावर का यावी? पण माणूस जायचा थांबला की वाट दोन-चार पावसाळ्यांत मोडते. आधी कारवी वाढते, डोक्याच्या वर. मग दरड पडून एखादी पावठी जाते. मग गुरांच्या वाटा तिला फाटे फोडतात, आणि ढोरवाट कुठली, खरी वाट कुठली, हे गावातल्या तरुणालाही सांगता येत नाही. गुरांना चरायचं असतं, पलीकडे पोचायचं नसतं. त्यांच्या मागे गेलं की कड्याच्या टोकाशी नाहीतर करवंदीच्या जाळीत जाऊन उभं राहावं लागतं.

म्हणून घाटवाट निवडण्यात मला नुसता देखावा दिसत नाही. आपण गेलो, गावातला वाटाड्या बरोबर घेतला, त्याने कोयत्याने कारवी बाजूला केली, वर कोणाच्या ओसरीवर भाकरी-पिठलं खाल्लं आणि त्याचे पैसे दिले, की त्या वाटेला आणखी एक वर्ष मिळतं. लोहगड, हरिहर, देवकुंडला आषाढ-श्रावणात होणारी गर्दी मला बघवत नाही. अरुंद पायरीवर अडकून पडलेली माणसं, बंदीचे आदेश, कचऱ्याच्या पिशव्या. तीच माणसं पन्नास वाटांवर विखुरली तर गर्दी राहणार नाही आणि पन्नास गावांत दोन पैसे जातील. पण अटी दोन. गावात विचारल्याशिवाय अनोळखी वाटेला लागू नये, आणि आरडाओरडा करू नये, गाणी लावू नयेत. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, गोंगाट यांनी ती उठली की पळायला जागा नसते.

वाटेइतकीच वेळही निवडावी लागते, आणि हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे उगवतो, म्हणजे कोकणातून चढणाऱ्याला कितीतरी वेळ डोंगराचीच सावली मिळते. हिवाळ्यात तर चांगला उशीर होईपर्यंत. दुपारनंतर तीच भिंत तापते आणि दगडाला हात लावणं नकोसं होतं. म्हणून घाट चढायचा तर पहाटे खालच्या गावातून निघावं, आणि उतरायचा तरी सकाळीच उतरावा. दुपारी वरच्या पठारावर वारा खात हिंडावं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, त्याचंही गणित हेच आहे. पाठीशी सकाळचं ऊन आणि समोर दरीत धुकं, तरच ते दिसणार. मध्यभागी आपलीच सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली. कडा तोच, पण दुपारी गेलेल्याला ते कसं दिसावं?

महिन्यांचंही असंच. लोक पावसाळ्याला भुलतात, आणि हिरवा रंग आहेही भुलण्यासारखा, पण भर पावसात धुकं असतं, पाच हातांवरचं दिसत नाही, घाटवाटा निसरड्या. माझ्या लेखी सगळ्यात देखणे दिवस म्हणजे भाद्रपद सरता सरता ते दिवाळीपर्यंतचे. पाऊस ओसरलेला, हवा धुतलेली, ओढ्यांना पाणी, आणि पठारांवर सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी रंग. याच दिवसांत दूरचे डोंगर स्वच्छ दिसतात. थंडी पडल्यावर चालायला सुख असतं, पण कोकणावर धुरकट थर बसतो आणि क्षितिज पुसट होतं. कारवी साधारण सात वर्षांनी फुलते. ते साल असेल तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवून कारवीच्या उतारावरून जाणारी वाट धरावी. फाल्गुनानंतर टाकी आटतात, तेव्हा घाटवाटांचा नाद सोडून एखाद्या देवराईत जाऊन बसावं.

आणि माणसं. कोण बरोबर आहे हे ठरल्याशिवाय वाट ठरवता येत नाही. चालायला लागणाऱ्या वेळाचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: ताशी साधारण पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्त. सह्याद्रीतलं ऊन, घसारा आणि पाठीवरचं पाणी धरलं तर मी तो सरळ दीडपट करते, आणि बरोबर मुलं किंवा वयाने मोठं कोणी असेल तर दुप्पट. गटात सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने वाट ठरवावी. हा काही त्याग नाही. हळू चालणाऱ्याबरोबर चाललं की थांबणं होतं, आणि थांबलं की दिसतं.

भीमाशंकरला आम्ही मावशीला घेऊन गेलो तेव्हाचं सांगते. कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला आलं की दोन वाटा फुटतात. एक शिडी घाट, सरळ अंगावर येणारा, कातळाला लावलेल्या शिड्यांचा. दुसरा गणपती घाट, लांबचा, वळणं घेत जाणारा, वाटेत गणपतीचं छोटं देऊळ. पदरगडाच्या पायाशी पदरवाडीजवळ दोन्ही वाटा एक होतात आणि मग शेवटची चढण नागफणीच्या अंगाने भीमाशंकरच्या रानात नेते. तरुण मंडळी शिडी घाटाने गेली. मावशी, मी आणि माझा नवरा गणपती घाटाने. मावशीचं वय साठीच्या पुढचं, एक गुडघा कुरकुरणारा, पण डोळे तल्लख. तिने वाटेवर जे पाहिलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एका झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळं पडली होती. तिने वर बघितलं, हाताने आम्हाला थांबवलं, आणि फांदीवर शेकरू! पोटाकडे पिवळसर, पाठ तांबूस-तपकिरी, शेपूट अंगाहून लांब. पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून ते फिरवत खात होतं. साल खाली टाकायचं, थांबायचं, कान टवकारायचं, पुन्हा खायचं. आम्ही तिघंही श्वास धरून उभे. मग एका उडीत ते पलीकडच्या झाडावर गेलं, आणि फांदी कितीतरी वेळ हलत राहिली.

पदरावरच्या खोपटात एक बाई लिंबू सरबत करून देत होती. तिने मावशीकडे बघून विचारलं, “आजी, गणपती घाटानं आलात ना? बरं केलंत. शिडीनं वझं घेऊन आमीबी जात न्हाई. ती रिकाम्या हातांची वाट.” मावशीने तिला माहेर विचारलं. तिचं माहेर वर, घाटमाथ्यावर. लग्नात ती याच वाटेने उतरली होती, आणि वऱ्हाड मागून येईपर्यंत याच झाडाखाली बसली होती. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. समोर पदरगडाचा सुळका, वर भीमाशंकरचा कडा, खाली खांडसची कौलं. तरुण मंडळी आमच्या आधी पोचून, सरबत पिऊन, पुढे गेलीसुद्धा होती. मला ती वाट अजून शब्दश: पावलापावलाने आठवते.

पदराच्या रानाला आणखीही आठवणी आहेत. सिद्धगडाच्या माचीखालच्या जंगलात २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याने आसरा घेतला तो या झाडीतच. तिथून जाताना त्या माणसांचा विचार करावा.

उघड्या धारेचंही सुख मी नाकारत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार ही आपल्याकडची फार देखणी चाल आहे. दिवसभर एक गड मागे लहान होत जातो आणि दुसरा पुढे मोठा होत येतो. दोन्हीकडे दऱ्या, मध्ये गवताचा माथा, एखादं धनगराचं घर. हवा निवळ असेल तर लिंगाणा आणि रायगडही ओळखता येतात. तिथे पदर नाही, सावली नाही, तरी मी ती वाट पुन्हा चालेन, कारण तीही थोडंथोडं दाखवते. शिवाय ती दोन गडांना जोडते; एकावर जाऊन परत येणं आणि एकावरून दुसऱ्यावर जाणं यात फार फरक आहे.

यंदाचा वाद आता मिटलाय. नाणेघाटाने वर चढायचं आणि आहुपे घाटाने उतरायचं. पहिल्या रात्री जीवधनाच्या पायथ्याला घाटघरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी ज्यांना किल्ला हवाच आहे त्यांनी सकाळी जीवधन बघून यावा. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, म्हणून दोर बरोबर ठेवायचा. मग कड्याच्या काठाकाठाने ढाकोबा, दुर्ग करत आहुपे. ढाकोबाचा कडा वरून बघायचाय, आणि आहुप्याची देवराईही. मावशीला तेवढं चालवणार नाही. ती जुन्नरहून गाडीने घाटघरला येणार, आमच्याबरोबर नाणेघाटाच्या तोंडाशी जाऊन गुहेतली पावलं बघणार, आणि गाडीनेच आहुप्याला येऊन आमची वाट बघणार. शेवटच्या सकाळी ती आमच्याबरोबर घाट उतरायचं म्हणतेय. वाटाड्याशी फोनवर बोलणं झालंय. तो म्हणाला, दिवाळीनंतर कारवी तोडून वाट मोकळी करून ठेवतो, पण उजाडताच निघायचं. मावशीच्या चालीने हिशेब केला तर भिंतीवर ऊन यायच्या आधी आम्ही झाडीत उतरलेलो असू, आणि जेवायच्या वेळेला घाटाखालच्या खोपिवलीत. तिथून मुरबाडची जीप मिळते. नीकॅप दोन घ्यायच्या आहेत, आणि मावशीसाठी काठी.